'मग' आणि 'म्हणून'



याच वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या कीर्तनात सांगणे थोडे आणि विचारणे फार. कर्ज कशापायी काढले, पुढे काय झाले, असे वऱ्हाडी बोलीत विचारीत ते श्रोत्यांकडूनच उत्तर काढीत.

आमच्या शाळांत धड्याखाली शब्दार्थ असतात: गहाण म्हणजे तारण. एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा, आणि मूल दोन्ही घोकते! त्याऐवजी त्याला बाबांच्या लहानपणाची हकीकत सांगावी. वडील दारूपायी गेले, देबू दापुऱ्यास मामांकडे आला, आणि पुढे मामांची शेती सावकाराने गिळली. कशी गिळली? सावकार दुष्ट होता, असे मूल म्हणेल. तेवढ्यावर त्याला सोडू नये. नुसत्या दुष्टपणाने शेत कसे जाईल? मग व्याज, गहाण, पावती हे शब्द मूल आपण होऊन मागते. असा मागून घेतलेला शब्द ते सहसा विसरत नाही.

मुलांची गोष्ट 'मग, मग' करीत चालते. त्या जागी 'म्हणून' बसते काय, हे त्यांना तपासू द्यावे. कावळा बसला, मग फांदी मोडली. येथे 'म्हणून' चालत नाही, हे त्यांना लगेच कळते. नवसाचा बकरा कापला, मग पोर बरे झाले, येथे मात्र मुले घुटमळतात, आणि आम्ही मोठी माणसेही. बाबा आयुष्यभर याच ठिकाणी लोकांना अडवीत राहिले.