पातशाही कोणाची? : शीख विचारांतील सार्वभौमत्वाची कल्पना

वर्धा जिल्ह्यांत धाम नदीच्या कांठीं पवनार नांवाचें एक जुनें गांव आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं विनोबा भावे यांनीं तेथें वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ केला. हिंदी जनतेस न विचारतां ब्रिटिश सरकारनें हा देश महायुद्धांत ओढला होता. त्या युद्धास साह्य करूं नये, एवढेंच सांगण्यासाठीं एक निःशस्त्र मनुष्य उभा राहिला आणि चार दिवसांनीं पकडला गेला. प्रसंग दिसण्यांत लहान. परंतु त्याच्या पोटांतील प्रश्न फार जुना आहे. आज्ञा करण्याचा अखेरचा अधिकार कोणाचा? राजाचा, पार्लमेंटाचा, लोकांचा, कीं या सर्वांहून वर असलेल्या एखाद्या सत्तेचा?

याच विनोबांनीं पुढें गुरु नानकांच्या जपुजीवर भाष्य केलें. जपुजीच्या आरंभीं परमेश्वराचीं जीं लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं ‘निर्भय’ आणि ‘निर्वैर’ या दोहोंवर त्यांचा विशेष लोभ होता. आचार्यांनीं कसें असावें हें सांगतांना ‘निष्पक्ष’ हा तिसरा शब्द जोडून त्यांनीं हीच जोडी पुढें ठेवली. विनोबांच्या हातीं या शब्दांना साधकाच्या शिस्तीचें रूप आलें. पंजाबांत मात्र त्यांच्यांतूनच एक राजकीय कल्पनाही वाढीस लागली. ईश्वर निर्भय आहे, कारण त्याच्या वर दुसरा धनी नाहीं. मग जो त्या एकाचा झाला, त्यानें इतर कोणत्या धन्याचें भय कां बाळगावें? शीख विचारांतील सार्वभौमत्वाचें बीज या साध्या प्रश्नांत आहे.

हें बीज महाराष्ट्राला परकें नाहीं. शिखांच्या ग्रंथसाहेबांत संत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्यांतील एका पदांत सुलतानानें नामदेवांना बांधून आणल्याची कथा येते. मेलेली गाय उठवून दाखव, नाहीं तर मस्तक उडवीन, अशी सुलतानाची आज्ञा होते. आई रडत सांगते कीं, बाळा, त्याला हवें तें नांव घे आणि जीव वांचव. नामदेव ऐकत नाहींत. हत्तीच्या पायाखालीं देण्याची धमकीही त्यांना हलवीत नाहीं. कथेच्या अखेरीस गाय उठते. चमत्कार बाजूस ठेवला तरी मर्म उरतेंच. सुलतानाची सत्ता शरीरापर्यंत पोहोंचते, त्यापलीकडे तिचा अंमल चालत नाहीं. पंजाबनें महाराष्ट्राच्या या संताला आपल्या धर्मग्रंथांत स्थान दिलें, तें या निर्भयतेलाही दिलेलें स्थान होतें.

गुरु नानकांनीं बाबराच्या स्वाऱ्या डोळ्यांनीं पाहिल्या आणि त्या आपल्या पदांत नोंदविल्या. त्या पदांत आक्रमकाचा निषेध आहे, तसाच प्रजेचें रक्षण न करणाऱ्या येथील राज्यकर्त्यांवरही ठपका आहे. राज्य करणें हा हक्क नसून जबाबदारी आहे, आणि तिचा हिशेब घेणारा वर बसला आहे, ही त्यांची धारणा होती. खरा पातशहा तो एकच. सिंहासनावर बसलेले केवळ त्याचे कारभारी.

१६०६ सालीं जहांगीराच्या आज्ञेनें पांचवे गुरु अर्जुनदेव यांचा लाहोरास छळ होऊन अंत झाला. त्यांचे पुत्र हरगोविंद गादीवर आले, तेव्हां त्यांनीं दोन तलवारी धारण केल्या. एक मीरीची, म्हणजे ऐहिक अधिकाराची. दुसरी पीरीची, म्हणजे पारमार्थिक अधिकाराची. अमृतसरच्या हरिमंदिरासमोर त्यांनीं अकाल तख्त उभारलें. आजही दोन्ही वास्तु समोरासमोर उभ्या आहेत. देऊळ वेगळें आणि तख्त वेगळें, पण तख्तावर बसणाऱ्याची दृष्टि देवळाकडे, अशी ही रचना आहे. धर्माधिकाऱ्यानें राजा व्हावें असा मीरी-पीरीचा अर्थ करणें उथळपणाचें होईल. जो अन्याय होत आहे त्याकडे पारमार्थिक मनुष्यानेंही पाठ फिरवूं नये, आणि ज्याच्या हातीं सत्ता आहे त्यानें आपणांस ईश्वराच्या न्यायाबाहेर समजूं नये, हा त्याचा गाभा आहे.

या विचाराला समाजाचें रूप आलें तें १६९९ च्या वैशाखींत, आनंदपूर येथें. गुरु गोविंदसिंगांनीं मस्तक मागितलें, तेव्हां जे पांचजण पुढें आले, ते परंपरेप्रमाणें पांच निरनिराळ्या जातींचे आणि पांच दूरदूरच्या गांवांचे होते. त्यांत द्वारकेचा एक छिंबा, म्हणजे नामदेवांच्याच शिंपी व्यवसायाचा मनुष्य होता, आणि दक्षिणेंतील बिदरचा एक न्हावी होता. गुरूंनीं त्यांना अमृत दिलें. मग जें घडलें, त्याला जगाच्या इतिहासांत फारसा जोड सांपडणार नाहीं. गुरु स्वतः त्या पांचांपुढें हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्या हातून त्यांनीं अमृत घेतलें. जो देणारा तोच घेणारा झाला. अधिकार वरून खालीं उतरला आणि पुन्हा खालून वर गेला.

यानंतर गोविंदसिंगांनीं औरंगजेबास फारसी पद्यांत एक पत्र लिहिलें, तें ‘जफरनामा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. बादशहाच्या माणसांनीं कुराणाची शपथ घेऊन ती मोडली, हा त्यांतील मुख्य आरोप. मुलुख हरलेला, पुत्र गमावलेला एक मनुष्य हिंदुस्थानच्या बादशहास शपथभंगाचा जाब विचारतो, हीच मोठी गोष्ट होय. सर्व उपाय खुंटल्यावरच शस्त्र धरणें न्याय्य ठरतें, हा विचारही त्यांत आहे.

१७०७ सालीं औरंगजेब अहमदनगराजवळ मरण पावला. पुढल्या वर्षीं ऑक्टोबरांत गोदावरीकांठीं नांदेड येथें गुरु गोविंदसिंगांचाही अंत झाला. त्यांचे चारही पुत्र आधींच गेले होते. परंतु त्यांनीं कोणा आप्ताला वा शिष्यालाही गुरुपद दिलें नाहीं. यापुढें गुरुपद ग्रंथाकडे व खालसा पंथाकडे राहील, असें त्यांनीं ठरविलें, अशी शिखांची श्रद्धा आहे. सार्वभौमत्वाच्या विचारांत ही कलाटणी मोठी होती. शब्द एका ठिकाणीं, त्याचा अर्थ लावणारा समुदाय दुसऱ्या ठिकाणीं. व्यक्तीला मात्र गादी नाहीं. हा निर्णय मराठी मुलखाच्या मातींत झाला, हें येथील श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

नांदेडासच गुरूंना भेटलेला बंदा बहादुर पंजाबांत गेला आणि १७१० सालीं त्यानें सरहिंद जिंकलें. त्याच्या मुद्रेवर त्याचें स्वतःचें नांव नव्हतें. देग, तेग आणि विजय हीं नानक व गोविंदसिंग यांच्यापासून मिळालीं, असा तिचा आशय होता. देग म्हणजे लंगरांतील पंगतीचा हंडा आणि तेग म्हणजे तलवार. हंड्याचें नांव तलवारीच्या आधीं यावें, यांत एक संपूर्ण राजनीति सामावली आहे. जो भुकेल्यास जेवूं घालीत नाहीं, त्याला शस्त्र धरण्याचा अधिकार नाहीं. १७६५ सालीं लाहोर हातीं आल्यावर शिखांनीं जो रुपया पाडला, त्यावरही हाच लेख होता.

येथें मराठ्यांच्या इतिहासाशीं तुलना उद्बोधक होईल. १६७४ सालीं शिवछत्रपतींनीं राज्याभिषेक करवून घेतला आणि स्वतःच्या नांवाचा होन व शिवराई पाडली. तें स्वतंत्र सार्वभौमत्वाचें उघड घोषण होतें. परंतु अठराव्या शतकांत मराठ्यांचे घोडे अटकेकडे दौडले, तरी त्यांचे चांदीचे रुपये बहुधा मोगल बादशहाच्या नांवानेंच पडत राहिले. ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत वर्ध्याचा प्रदेश होता, त्यांच्या टांकसाळींतही हीच रीत होती. १७१९ च्या सनदा दिल्लीहून आल्या. १७८४ सालीं महादजी शिंद्यांनीं पेशव्यांसाठीं वकील-इ-मुतलक हें पद मिळविलें, तेंही बादशहाकडूनच. मराठ्यांनीं बादशाही आपल्या मुठींत ठेवली, पण तिचें नांव पुसलें नाहीं. मूठभर शीख सरदारांनीं तें नांवच गाळलें, आणि त्या जागीं स्वतःचें नांव न घालतां गुरूंचें घातलें.

मग निर्णय कोण घेई? वैशाखी व दिवाळीस अकाल तख्तासमोर सरबत खालसा, म्हणजे सर्व पंथाची सभा, भरत असे. ग्रंथसाहेबांच्या साक्षीनें होणाऱ्या ठरावास ‘गुरमता’ म्हणत, आणि आपसांत लढणारे सरदारही तेथें भांडण बाजूस ठेवून बसत. १८०५ सालीं लॉर्ड लेकच्या पाठलागामुळें यशवंतराव होळकर साह्याच्या आशेनें अमृतसरास आले. तेव्हां भरलेली सभा ही अशा प्रकारची शेवटची राजकीय सभा मानली जाते. होळकरांना साह्य मिळालें नाहीं, आणि सभेची प्रथाही मागें पडली. ज्या एका बैठकींत मराठे व शीख एकत्र येण्याचा संभव होता, तेथेंच शिखांची ही लोकसंस्था मावळावी, हा दैवदुर्विलास होय.

कारण तोंवर रणजितसिंगांचा उदय झाला होता. त्यांनीं आपल्या सरकारास ‘सरकार खालसाजी’ म्हटलें, नाण्यावर आपलें नांव घातलें नाहीं, आणि नांदेडच्या हुजूरसाहेबाची वास्तु उभारविली. नांव खालशाचें राहिलें. निर्णय मात्र एका मनुष्याच्या मर्जीवर गेला. तो मनुष्य समर्थ होता तोंवर उणीव दिसली नाहीं. १८३९ सालीं तो गेला आणि दहा वर्षांच्या आंत, १८४९ सालीं, राज्यही गेलें. मध्यंतरीं सैन्याच्या पंचायती खालशाच्या नांवानें बोलूं लागल्या, पण त्यांना हिशेब विचारणारें कोणी उरलें नव्हतें. सत्ता ईश्वराची आहे असें म्हणणें सोपें. ती ईश्वराच्या वतीनें वापरणाऱ्यास जाब विचारणारी संस्था जिवंत ठेवणें कठीण. हा धडा केवळ शिखांपुरता नाहीं.

राज्य गेल्यावरही कल्पना मेली नाहीं. १९२२ सालीं अमृतसरजवळ ‘गुरु का बाग’ येथें गुरुद्वाराच्या जमिनीवरील लाकूड लंगरासाठीं तोडण्यावरून लढा पेटला. अकालींचे जथे अकाल तख्तापुढें अहिंसेची शपथ घेऊन निघत आणि लाठ्यांचा मार हात न उचलतां सोशीत. त्यांत पलटणींत नोकरी केलेले जवानही होते. सी. एफ. अँड्रूज यांनीं तें दृश्य प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवलें. देगेच्या सरपणासाठीं तेग म्यानांत ठेवून केलेली ही लढाई होती. १९२५ च्या कायद्यानें गुरुद्वारांचा कारभार निवडलेल्या मंडळाकडे आला, आणि त्या निवडणुकींत शीख स्त्रियांनाही मत मिळालें.

पुढील काळांत याच कल्पनेचे वेगवेगळे अर्थ लागले. १९७३ च्या आनंदपूर साहेब ठरावानें प्रांतांना अधिक स्वायत्तता मागितली. कांहींनीं पुढें निराळ्या राज्याची मागणी केली. त्या संघर्षांत अनेकांचे प्राण गेले, आणि जून १९८४ च्या लष्करी कारवाईंत अकाल तख्ताची वास्तुही उद्ध्वस्त झाली. ‘राज्य खालशाचें’ याचा अर्थ विशिष्ट भूमीवरील राज्य, कीं कोणत्याही राज्यानें पाळावयाची मर्यादा, हा वाद शीख विचारवंतांत संपलेला नाहीं. मात्र जपुजीच्या आरंभींचे दोन शब्द या वादांत एकत्र ठेवले पाहिजेत. निर्वैर नसलेला निर्भय मनुष्य लवकरच स्वतः जुलमी होतो. आणि निर्भय नसलेला निर्वैर मनुष्य जुलमाचा साक्षी होऊन राहतो.

विनोबांनीं कारावासांत ‘स्वराज्यशास्त्र’ हें छोटें पुस्तक सिद्ध केलें. त्यांत एकाचें, अनेकांचें व सर्वांचें असे राज्याचे प्रकार मांडून त्यांनीं सर्वांच्या राज्याकडे बोट दाखविलें. त्यांच्या मार्गांत तलवारीला जागा नाहीं. खालशाच्या मार्गांत ती अखेरचा उपाय म्हणून आहे. हा भेद मोठा आहे आणि तो झांकण्याचें कारण नाहीं. पण पवनारचा एकटा सत्याग्रही आणि आनंदपुरास आपल्याच शिष्यांपुढें हात जोडून उभा राहिलेला गुरु, दोघांनींही एकच गोष्ट सांगितली. कोणाही मनुष्याची आज्ञा अखेरची नसते, मग तो मनुष्य आपलाच कां असेना.