मास्टर कृष्णराव आणि त्यांच्या चाली
(गेवराई येथे प्रौढवर्गापुढे केलेले भाषण)



सप्त्यात भजनी मंडळात वाद झाला, तो तुम्हांला ठाऊकच आहे. तरण्या पोरांनी नाथांचा अभंग सिनेमाच्या चालीवर म्हटला. म्हातारी मंडळी टाळ ठेवून उठली. मग दोन्हीकडचे लोक आमच्याकडे आले. आम्ही शाळामास्तर, गवई नव्हे. पण चाल कशी बांधतात, ती कशी बदलते, हे एका माणसाच्या गोष्टीवरून सांगता येईल.

त्यांचे नाव मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. आडनावातच आपला मराठवाडा आहे. फुलंब्री हे आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कृष्णराव जन्मले मात्र आळंदीला, २० जानेवारी १८९८ रोजी. लहानपणीच ते नाटक कंपनीत शिरले. नाटकातल्या पोराला तेव्हा 'मास्टर' म्हणत. पोर मोठे झाले, म्हातारे झाले, तरी तो शब्द चिकटला तो चिकटलाच.

त्यांना गुरू मिळाले भास्करबुवा बखले. बुवा स्वतः तीन थोर उस्तादांकडे शिकले होते : फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. तिघांच्या गाण्याची तऱ्हा वेगळी. ज्वारी एकच, पण भाकरीची चव घरोघर वेगळी, तसेच हे. त्या तिन्ही तऱ्हा बुवांच्या गळ्यात आल्या, आणि बुवांकडून शिष्याच्या कानावर पडल्या. त्या काळी हे शिक्षण बहुतेक तोंडीच चाले. गुरूमागे तंबोरा धरून बसायचे, ऐकायचे, आणि तसेच म्हणायचे.

१९१६ साली बुवांनी 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली दिल्या. मैफलीत मूठभर लोकांनी ऐकायची रागदारी तिकीट काढून आलेल्या माणसाच्या कानी पडली. १९२२ साली बुवा वारले. शिष्य तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा. गंधर्व नाटक मंडळीतले चाली देण्याचे काम पुढे त्याच्याकडे आले. गुरूंचीच री ओढणे सोपे होते, आणि ऐकणाऱ्यांनाही तेच हवे होते. पण १९३१ सालच्या 'कान्होपात्रा' नाटकात त्यांनी अभंगांना दिलेल्या चाली ऐका. राग आहे, पण तो मागे उभा राहतो. पुढे येते ती मंगळवेढ्याच्या त्या पोरीची हाक. आमच्या मते कृष्णराव इथे गुरूंच्या सावलीतून बाहेर आले.

मग आला सिनेमा. १९३५ साली प्रभात कंपनीने 'धर्मात्मा' काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, बालगंधर्व नाथांच्या कामात, आणि चाली कृष्णरावांच्या. गोष्ट आपल्या पैठणची. राक्षसभुवनाच्या वरच्या अंगाला, याच गोदावरीवरचे पैठण. नाटकात पद रंगले की 'वन्स मोअर' मिळे. गवई ते हवे तितके घोळवी. सिनेमात तसे चालत नाही. आणि त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच गाणे मावे. तेवढ्यात सगळे सांगून मोकळे व्हायचे! ज्याने तासन् तास एक राग गायचा, त्याला हे कठीणच. कृष्णराव तेही शिकले. 'माणूस' चित्रपटात (१९३९) शांता हुबळीकरांच्या तोंडी एक गाणे आहे. त्यात कडव्यागणिक भाषा बदलते, तसा गाण्याचा बाजही बदलतो. 'शेजारी'त (१९४१) पुष्कळ लोकांनी मिळून म्हणायचे गाणे आहे. तिथे एकट्याच्या तानांचे काम नाही. सगळ्यांचा पाय एका ठेक्यात पडला पाहिजे.

म्हणून आम्ही पोरांना विचारले, चाल बदलली ती अभंगासाठी की टाळ्यांसाठी? नाथांचे शब्द तिच्यात नीट बसतात का? 'विठ्ठल' म्हणताना शब्द मधेच तुटत असेल, तर ती चाल काय कामाची? आणि म्हाताऱ्यांना सांगितले, तुमची चालही कुणीतरी एकदा नव्यानेच बांधली असेल ना! दोघांनाही आमचे बोलणे आवडले नाही. असो.

कृष्णरावांनी सर्वांत जास्त जीव टाकला तो 'वंदे मातरम्'च्या चालीवर. देश स्वतंत्र झाला. राष्ट्रगीत कोणते करावे, हा प्रश्न आला. वंदे मातरम् बँडवर नीट वाजत नाही, अशी तक्रार होती. बँड म्हणजे पितळी वाद्ये. गळ्याने एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते, बँडला ते अवघड. शिवाय शिपायाला त्या तालावर पाऊल टाकायचे असते. कृष्णरावांनी झिंझोटी रागात चाल बांधली. सोपी, ठाशीव, शाळेतल्या पोरांनाही एकत्र म्हणता यावी अशी. दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सभासदांना ती ऐकवली. पण २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत ठरले ते 'जन गण मन'. वंदे मातरम् ला तितकाच मान द्यायचे ठरले. इतके झटून हाती काय आले, असे कुणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. तक्रार होती, आणि भांडत न बसता एका गवयाने तिला गाऊन उत्तर दिले.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी बुद्धवंदनेलाही चाल दिली. तिची भाषा पाली. तिथे नाटकातली हरकत नाही, सिनेमाचा ठेका नाही. शब्द शांतपणे, स्पष्ट यायला हवेत.

१९७१ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी ते वारले. जी विद्या त्यांना तोंडी मिळाली, ती त्यांनी 'रागसंग्रहमाला' या नावाने सात भागांत छापून ठेवली आहे. सारेगम अक्षरांत लिहिलेली असते. आपल्या वर्गातल्या कुणालाही ती वाचता येईल. सूर मात्र पेटीवाल्याकडून समजून घ्या.