‘डिटेन्शन’: सौम्य शब्द, कठोर अर्थ



इंग्रजीतील ‘डिटेन्शन’ हा शब्द दिसावयास मोठा सभ्य आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ एवढाच की, अडवून धरणे. शाळा सुटल्यावर विद्यार्थ्याला बसवून ठेवले तरी ते डिटेन्शन. बंदरातून नेलेला कंटेनर मुदतीत परत केला नाही तर जहाज कंपनी दररोज आकारते तेही डिटेन्शन. या शब्दातून तुरुंगाचे दार दिसत नाही, आणि म्हणूनच तो राज्यकर्त्यांना सोयीचा वाटतो.

राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदानुसार अटक झालेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. त्याला वकिलाचा हक्क असतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र हीच दोन कलमे लागू नाहीत. तेथे शिक्षा केलेल्या कृत्याची नसते, संभाव्य कृत्याची भीती पुरते. खटलाच नाही, म्हणून निर्दोष सुटण्याचा मार्गही नाही.

अशा बंदिवानासाठी आपल्या कायद्यात ‘डिटेन्यू’ हा मूळचा फ्रेंच शब्द रूढ झाला. मराठीतील ‘स्थानबद्ध’ तर अधिकच फसवा. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांना जिल्ह्याची सीमा ओलांडण्यास मनाई होती. १९७५ नंतर ‘मिसा’खाली येरवड्याच्या भिंतींआड डांबलेल्यांनाही हाच शब्द लावला गेला.

आणीबाणीत ‘मिसा’खाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाल्याची नोंद शहा आयोगाने केली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने त्यांना न्यायालयाचे दार बंद केले. विरोधी मत एकट्या न्या. हं. रा. खन्ना यांचे होते. तो निर्णय चुकीचा असल्याचे न्यायालयाने २०१७ साली मान्य केले. ‘मिसा’ १९७८ साली रद्द झाला. पण १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आजही बारा महिन्यांपर्यंतच्या स्थानबद्धतेची मुभा देतो. सल्लागार मंडळाच्या मताविना डांबण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारी ४४व्या घटनादुरुस्तीतील तरतूद १९७८ साली संमत झाली, परंतु तिची अंमलबजावणी आजवर झालेली नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या पत्रकांत, ठरावांत ‘स्थानबद्धता’ न लिहिता ‘खटल्याविना तुरुंगवास’ असे स्पष्ट लिहावे. आणि तो शब्द लिहिताना, डांबलेला माणूस आपल्या पक्षाचा आहे की विरोधकांचा, हे पाहू नये.