भिंतीलगतचा उंच वाफा

नाशिकमध्ये बंगल्याच्या भिंतीलगत दोन-तीन फुटांची पट्टी बहुधा रिकामीच पडून असते. तिथे विटांचा उंच वाफा छान बसतो, पण भिंतीला चिकटवून मात्र बांधू नका!

घराच्या जोत्यावर ओल वर चढू नये म्हणून एक थर दिलेला असतो. त्याच्याही वर ओली माती टेकली, की भिंत पाणी शोषते, पोपडे धरतात. शिवाय आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाशेजारी रोजची ही ओढाताण बरी नव्हे. म्हणून वाफ्याला मागची भिंत स्वतंत्र घ्या, मध्ये झाडू फिरेल इतकी फट ठेवा आणि पाण्याचा उतार अंगणाकडे काढा.

उंची दीड फूट पालेभाजीला पुरते. रुंदी जास्तीत जास्त दोन फूट ठेवा. हात एकाच बाजूने पोचणार आहे. तळाशी विटांचे तुकडे, वर वाळका पालापाचोळा, मग काळी माती आणि कुजलेलं शेणखत. निव्वळ काळी माती घट्ट बसते. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातगिरणीतलं तूस मिसळलं की ती मोकळी राहते. पाल्यापासून माती घडवण्याचा आग्रह शेतीत प्रयोग करणाऱ्या ‘प्रयोग परिवारा’चे श्री. अ. दाभोलकर धरत, तो इथे अगदी लागू पडतो.

पूर्वेच्या भिंतीशी मेथी, कोथिंबीर लावा. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापते, तिथे दोऱ्यांवर वाल चढवा.

विटांचं काम मृगाच्या सरींआधी उरकून घ्या.