शिशाचे वजन

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग पाहणाऱ्याला एक गोष्ट हमखास सांगितली जाते. किल्ल्याच्या पायाचे दगड शिशाच्या रसात बसवले आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हे काम सुरू केले. शिसेच का? ते अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, हव्या त्या फटीत शिरते आणि खाऱ्या पाण्यात लोखंडासारखे गंजत नाही. शिवाय पाण्याच्या अकरा पट जड!

याच गुणांमुळे ते बंदुकीत गेले आणि मासेमारीच्या जाळ्यातही. आमच्या आजोबांकडे पाग होता आणि शेतराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक. पागाची शिसे ते चुलीवर वितळवून घरीच ओतत. एकदा साच्यात ओल राहिली. पाण्याची क्षणात वाफ झाली आणि तापलेला रस उसळून त्यांच्या मनगटावर आला. तो डाग शेवटपर्यंत राहिला. पुढे प्रत्येक वेळी ते आधी विचारत, "साचो सुको आसा मां?"

परदेशात काही नेमबाज रायफलीसाठी अशाच ओतीव, जड गोळ्या वापरतात. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गोळी त्याहून वेगाने गेली की चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो. तो टाळायचा तर वेग कमी ठेवावा लागतो आणि गेलेला जोर थोडाफार भरून काढायला वजन वाढवावे लागते. पण हिशेब पुरता जुळत नाही. वेग निम्मा केला तर ऊर्जा चौथाईवर येते. वजन दुप्पट केले तरी ती निम्मीच राहते. शिवाय गोळी लवकर खाली झुकते, म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकतो. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हाच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे, पण रानडुक्कर दिसले म्हणून गोळी घालण्याची ती मुभा नव्हे. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो.

मात्र मला आज सांगायचे आहे ते बंदुकीचे नाही. आजोबांच्या मनगटावरचा डाग सर्वांना दिसला. शिशाचे खरे नुकसान दिसत नाही. रसावर येणारी राखट मळी, तिची धूळ, हाताला लागलेला काळपटपणा जेवणातून पोटात जातो. लहान मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते, आणि शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. म्हणूनच २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, कारण मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरत होती.

आपल्या वाडीत अजूनही कुणी पागाची शिसे ओतत असेल, तर एवढेच करा. चूल अंगणात मांडा, स्वयंपाकाचे भांडे वापरू नका, मुलांना लांब ठेवा, हात साबणाने धुवा आणि ते कपडे घालून घरात वावरू नका.

आजोबांनी साचा सुका आहे का, एवढे विचारायला शिकवले. त्या काळी मुले कुठे आहेत, हे मात्र कुणी विचारले नाही. आम्ही त्यांच्या शेजारीच बसलेलो असायचो.