वाचून दाखवणाऱ्याची मजुरी



नांदगाव खंडेश्वरात साहित्यावर बोलायचं तर आधी लोणी टाकळीकडे तोंड करून हात जोडावे लागतात. 1881 साली तिथे गुलाबराव महाराज जन्मले. तान्हेपणीच दृष्टी गेली, आयुष्य लाभलं अवघं 34 वर्षांचं, आणि तेवढ्यात शंभरावर ग्रंथ झाले. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि चमत्काराला नमस्कार करून मोकळे होतो. मला त्यामागची माणसं दिसतात. कोणीतरी ग्रंथ उघडून वाचून दाखवत होतं, महाराज सांगतील ते कोणीतरी उतरवून घेत होतं. हे हात त्यांना भक्तीतून मिळाले. आज आपल्या तालुक्यातल्या एखाद्या दृष्टिहीन पोरीला बारावीच्या पेपरला लेखनिक हवा, ऐकता येतील अशी पुस्तकं हवीत. तिच्यामागे शिष्य नाहीत. तिला वाचून दाखवणाऱ्याची मजुरी सार्वजनिक तिजोरीतूनच यायला हवी. तो पैसा राखणं हे मी साहित्यिकाचं काम समजतो.

कायदा आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल 2017 पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले. विकासाच्या आणि गरिबी हटवण्याच्या योजनांत 5 टक्के वाटा ठरला. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीनेही स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. आता हिशेब करा. घरपट्टी, पाणीपट्टी मिळून एखाद्या गावाचं उत्पन्न 4 लाख असलं, तर वाट्याला येतात वर्षाचे 20 हजार. आणि पट्टी थकली की तेही कमी. सोयाबीन बुडालं त्या वर्षी कोणाच्या दारात वसुलीला जाणार? म्हणजे गाव जितकं गरीब, तितका तिथला दिव्यांग अधिक उघडा. नुसत्या टक्क्यावर हा निधी सोडून चालणार नाही. लहान गावांना जिल्ह्याने आणि राज्याने भर घातलीच पाहिजे.

जो आहे तो तरी कुठे जातो? जवळच्याच एका गावी कुबड्यांवर चालणारा एक गडी मला म्हणाला, “भाऊ, आमचे पैसे मार्चात आले अन् मार्चातच गेले म्हंतेत.” त्याच्यासोबत मी पंचायतीच्या कचेरीपर्यंत गेलो. दाराशी रॅम्प होता, दिव्यांग निधीतूनच बांधलेला. चढ इतका उभा की तीनचाकी वर जाईना, आणि वर पोचल्यावर दाराला वीतभर उंचीचा उंबरठा. हिशेबात मात्र खर्च पूर्ण. त्या गड्याला कोणी एकदा विचारलं असतं, तर त्याच पैशात त्याला आत जाता आलं असतं.

पेन्शनची गोष्ट याहून मोठी आहे. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा 2012 पासून महिन्याला 300 रुपये आहे, आणि तोही 80 टक्के अपंगत्व असणाऱ्यालाच. बाकीचा भार राज्यावर. सामाजिक सुरक्षेत दिव्यांगाला इतरांपेक्षा निदान 25 टक्के जास्त मदत द्यावी, असं कायदा म्हणतो. तरीही संजय गांधी निराधार योजनेत सगळ्यांना सारखेच 1500 मिळत राहिले. 2025 च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात, गुरुकुंज मोझरीला प्रहारचे नेते बच्चू कडू उपोषणाला बसले. दिव्यांगांचं मानधन ही त्यांची एक मागणी होती. त्यानंतर काही महिन्यांनी दिव्यांगांचे 2500 झाले. कायद्यात लिहिलेलं मिळवायला कोणाला उपाशी बसावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि वाढलेली रक्कम हातात पडायची तर आधार, अंगठा, हयातीचा दाखला. दाजीसाहेब पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभं केलं, ते कुष्ठरुग्णांसाठी. त्या आजाराने ज्याची बोटं नेली, त्याचा अंगठा कोणत्या यंत्रावर उमटणार?

गाडगेबाबांच्या जिल्ह्यात दानाला तोटा नाही. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर अनाथ दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आपण टाळ्या वाजवल्या. पण बाबा वर्षानुवर्षं मागताहेत ते वेगळंच आहे. बालगृहाचा नियम 18 व्या वर्षी मुलाचा हात सोडतो. मतिमंद मुलाने त्या वाढदिवसानंतर कुठे जायचं? त्याच्या पुनर्वसनासाठी कायदा करा, एवढंच त्यांचं म्हणणं. एका बाबांच्या छातीवर हे ओझं किती दिवस ठेवायचं? दान देणाऱ्याचं मन बदललं की दान थांबतं. हक्काचा पैसा थांबला, तर उभं राहून जाब विचारता येतो.

2011 च्या जनगणनेत राज्यात 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले. ती मोजणी जुन्या प्रकारांची. आता पुन्हा प्रगणक दारात येतील, तेव्हा घरातलं असं लेकरू लाजेपोटी लपवू नका. जे मोजलं जात नाही, त्याच्या नावे पैसा पडत नाही.

दुपारच्या सत्रात मी दोन ठराव मांडणार आहे. तालुक्यातल्या अनुदान घेणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाने ऐकायची पुस्तकं ठेवावीत आणि आठवड्यातून ठरल्या वेळी वाचून दाखवणारा मानधनावर नेमावा; त्यासाठी शासनाने अनुदानात वेगळी रक्कम द्यावी. दुसरा ठराव आपल्यासाठी. इथे बसलेल्या प्रत्येक कवीने, कथाकाराने, शिक्षकाने येत्या ग्रामसभेत 5 टक्के निधीचा गेल्या तीन वर्षांचा खर्च मागावा, आणि मागायला जाताना गावातल्या दिव्यांगांना सोबत न्यावं.