धाप आणि श्रमकालीन हृदयपरीक्षा
(महोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



'हृदयपरीक्षा' म्हटलें कीं आपणांस कुमसाराची तयारी आठवते. परंतु आज आम्ही बोलणार आहों तें छातींतील मांसाच्या हृदयाविषयीं. कारण घरभेटीस गेलें असतां आम्हांस वारंवार ऐकूं येतें, "फादर, देवळाच्या पायऱ्या चढवत नाहींत, डॉक्टर म्हणतात, कांहीं नाहीं." विशेषतः साठी उलटलेल्या स्त्रिया हें सांगतात, आणि घरचीं माणसें 'वय झालें' म्हणून सोडून देतात.

आम्हां स्वतःसही घंटाघराचा जिना चढतांना धाप लागूं लागली. रक्त, छातीचें चित्र, टू-डी एको, सर्व निर्दोष! परंतु ती परीक्षा झाली तेव्हां आम्ही स्वस्थ निजलों होतों. धाप लागे जिन्यावर, आणि हृदय पाहिलें तें खाटेवर.

कित्येकांचें हृदय रक्त बाहेर लोटण्यांत उणें पडत नाहीं. उणें पडतें तें सैल होण्यांत. ताठरलेला डावा कप्पा विसाव्यांत सावकाश भरतो व निभावून नेतो. श्रमानें ठोके जलद झाले कीं भरण्याचा अवधि तुटतो, रक्त मागें तुंबतें, फुप्फुसांतील दाब चढतो आणि दम कोंडतो. थांबलें कीं पुन्हां पूर्ववत्. हृदय-दुर्बलतेच्या रुग्णांपैकीं सुमारें निम्म्यांत हाच प्रकार आढळतो. वाढतें वय, रक्तदाब, मधुमेह आणि स्थूलता हे त्याचे सोबती होत.

स्वीडनमधील लुंड येथें इंगे एडलर हे हृदयवैद्य व हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थविज्ञानवेत्ते यांनीं १९५३ सालीं कानांस ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं हृदयाची हालचाल प्रथम टिपली. आरंभीं वापरून पाहिलेलें यंत्र जहाजांच्या गोदींत धातूंतील भेगा शोधण्याचें होतें! आतां त्याच विद्येनें, रुग्ण रेलून सायकलीचे पायटे मारीत असतां, कप्प्यांत शिरणाऱ्या रक्ताचा वेग व हृदयाच्या भिंतीचा वेग मोजितात, आणि त्यांच्या प्रमाणावरून आंतील दाबाचा अदमास घेतात.

अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ध्यानांत घेण्याजोगा आहे. श्रमानें धाप लागणारे, परंतु विसाव्यांत हृदयाचे दाब निर्दोष असलेले, असे ५५ जण होते. हृदयांत नळी घालून त्यांजकडून व्यायाम करविला, तेव्हां ३२ जणांत दोष उघड झाला. नळीची परीक्षा अधिक निश्चित खरी, पण एको सौम्य. तो कधीं निरपराधावरही ठपका ठेवितो, आणि धापा टाकणाऱ्याचें चित्र अस्पष्ट येतें. यास्तव संशय उरल्यास नळीवांचून गत्यंतर नसतें.

आमचा दाब श्रमांत चढलेला आढळला. औषध चालूं आहे, वजन उतरविलें आहे (फेस्ताचीं पक्वान्नें पाठविणाऱ्या माउलींनीं क्षमा करावी), आणि जिना मध्यें एकदां थांबून चढतों. पूर्वीं या विकारावर फारसा उपाय नव्हता. २०२१ व २०२२ सालच्या मोठ्या प्रयोगांत मधुमेहावरील दोन औषधांनीं, एंपाग्लिफ्लोझिन व डापाग्लिफ्लोझिन यांनीं, अशा रुग्णांचें इस्पितळांत जाणें कमी होतें असें दिसलें.

तेव्हां वैद्यांकडे जातांना 'दम लागतो' एवढेंच सांगूं नये; कितव्या पायरीवर लागतो, गेल्या वर्षीं कोठें लागे, तें सांगावें, आणि श्रमकालीन एको करणें युक्त होईल काय, असें नम्रपणें विचारावें. बसल्या जागीं दम लागत असेल किंवा छातींत कळ येत असेल, तर मात्र सायकलीची वाट न पाहतां तत्काळ इस्पितळ गांठावें.